दोन दिवसांच्या कार्यशाळेत आयक्यू टेस्ट शिकता येते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमच्या संस्थेच्या नाशिक जिल्ह्यात सात शाळा आहेत, त्यातल्या तीन दिंडोरी-पेठ भागात. संस्थेनं यंदा तीन समुपदेशक नेमल्या. तिघीही एम.ए. मानसशास्त्र, नुकत्याच बाहेर पडलेल्या. त्यांना तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. संस्थेनं मुलांच्या बुद्धिमापनाच्या वेश्लर चाचणीचं किट विकत घेतलंय. मिसिक आणि बिने-कामत या जुन्या बुद्धिमापन चाचण्या आधीपासून कपाटात आहेत. ‘दोन दिवसांची कार्यशाळा घ्या आणि दिवाळीआधी चाचण्या सुरू करा’ असा निरोप आहे. मुख्याध्यापकांनी १४ मुलांची यादीही दिली आहे, त्यातली चार दहावीची. दोन दिवसांत काय काय शिकवू? कोणती चाचणी आधी घेऊ? आणि अहवालावर सही कोणाची? — एक प्रमुख समुपदेशक

ताई, दोन दिवसांत किट उघडायचं कसं, ठोकळे मोजायचे कसे आणि मॅन्युअलमध्ये काय कुठे आहे, एवढं शिकवून होतं. चाचणी घेणं शिकवून होत नाही. संस्थेला हे असंच सांगा आणि दिवाळीऐवजी सहा महिने मागून घ्या.

सहीचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्यावर बाकीचं ठरतं. प्रमाणपत्रासाठीच्या बुद्धिमापनावर सही लागते ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत नाव असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची किंवा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्टची. नुसत्या एम.ए.वर ती नोंदणी मिळत नाही. अपंगत्वाचा दाखला तर शासनानं नेमलेलं वैद्यकीय प्राधिकरणच देतं. शाळेच्या लेटरहेडवर तो कितीही नीट टाइप केला तरी चालत नाही. त्यामुळे तुमच्या तिघींचं काम आहे चाळणी करणं, पूर्वपीठिका गोळा करणं, शाळेला शिकवण्याच्या दृष्टीनं उपयोगी पडेल असं मापन करणं आणि योग्य मूल योग्य ठिकाणी पाठवणं. त्यांनी घेतलेली प्रत्येक चाचणी आरसीआय-नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावी. अशी व्यक्ती आठवड्यातून एक दिवस मानधनावर बांधून घ्या. किटवर खर्च केलेल्या संस्थेनं हा खर्च टाळला, तर किट कपाटातच राहिलेलं बरं.

आता प्रशिक्षण. वेश्लर चाचण्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्ड फॉर्मवर (उत्तरं आणि गुण नोंदवायच्या कागदांवर) परदेशात बराच अभ्यास झालाय, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नुसता सराव वाढवल्यानं चुका कमी होत नाहीत. ज्या मुलीनं पहिल्या चाचणीत उत्तर नीट लिहून घेतलं नाही, ती दहाव्या चाचणीतही घेत नाही. फक्त आता ती ते झपाट्यानं करते. चुका कमी होतात त्या प्रत्येक फॉर्म प्रश्नागणिक तपासून, शिकणारीला चूक दाखवून, पुढच्या फॉर्मवर तीच चूक पुन्हा शोधल्यावर. म्हणून ‘किती चाचण्या घेतल्या’ हा निकष सोडा आणि ‘किती फॉर्म तपासले गेले’ हा धरा. एक फॉर्म नीट तपासायला दीड-दोन तास लागतात. तुमचं वेळापत्रक या तासांवरून ठरवा.

तपासताना कुठे बघायचं? सर्वांत जास्त चुका तोंडी उपचाचण्यांत होतात: शब्दार्थ, साम्य, आकलन. तिथे उत्तराला ०, १ किंवा २ गुण असतात आणि मूल नेमकं मॅन्युअलमध्ये नसलेलं उत्तर देतं. नवशिकी तीन प्रकारे चुकते. एक, अर्धवट उत्तरावर ‘अजून सांग’ असं विचारायला हवं तिथे विचारत नाही. दोन, विचारायला नको तिथे विचारते आणि मुलाकडून गुण वदवून घेते. तीन, मूल गोड आहे, प्रयत्न करतंय, म्हणून एकाचे दोन करते. तिसरी चूक सर्वांत हट्टी आहे, कारण ती चांगुलपणातून होते. उपाय एकच: उत्तर मुलाच्या शब्दांत, जसंच्या तसं लिहून घ्यायचं. ‘बरोबर सांगितलं’ अशी नोंद तपासणाऱ्याला काहीच सांगत नाही. पेठकडचं मूल कोकणा बोलीतला शब्द वापरेल, तर तोही तसाच लिहायचा आणि अर्थ नंतर वर्गशिक्षकांना विचारायचा.

दुसरं ठिकाण, कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं. वेश्लरमध्ये वयानुसार सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असतो. पहिल्या दोनपैकी कोणत्याही एकावर पूर्ण गुण हुकले, तर उलटं मागे जायचं असतं. सलग दोन पूर्ण बरोबर आले की पुन्हा पुढे. नवशिक्या मागे जायला विसरतात, किंवा मागे गेल्यावर न विचारलेल्या सोप्या प्रश्नांचे गुण रॉ स्कोअरमध्ये (कच्च्या बेरजेत) धरत नाहीत. हे न धरलेले गुण एका उपचाचणीत चार-पाच असू शकतात, आणि त्यानं मूल एक अख्खा वर्णनगट (‘सरासरी’, ‘सरासरीखाली’ असा) खाली उतरू शकतं. थांबण्याचा नियम प्रत्येक उपचाचणीला वेगळा आहे. तो पाठ करू नका, फॉर्मवर छापलेला असतो तो दर वेळी वाचा. लवकर थांबलं की गुण कमी येतात. उशिरा थांबलं की मूल हिरमुसतं आणि त्याची किंमत पुढच्या उपचाचणीत मोजावी लागते.

तिसरं, वय. हसू येईल, पण इथल्या चुकीइतकी महागडी चूक दुसरी नाही. वय वर्ष, महिना, दिवस असं काढायचं, वजाबाकीतल्या उसनवारीत महिना ३० दिवसांचा धरायचा आणि दिवस वर पूर्णांकात ढकलायचे नाहीत. समजा चाचणीची तारीख १० जुलै २०२५ आणि जन्म २५ नोव्हेंबर २०१६. वय आलं ८ वर्षं ७ महिने १५ दिवस. आता आपल्याकडच्या शाळांचं जनरल रजिस्टर उघडा: १ जूनला जन्मलेली मुलं त्यात जरा जास्तच भेटतात. प्रवेशाच्या सोयीसाठी लावलेली ही तारीख याच मुलाच्या नावापुढे १ जून २०१६ अशी असेल, तर वय होतं ९ वर्षं १ महिना ९ दिवस. बिने-कामतमध्ये मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले १०० असा हिशोब असतो, म्हणून फरक लगेच दिसतो. मानसिक वय साडेसात वर्षं, म्हणजे ९० महिने धरा. खऱ्या वयानं, म्हणजे १०३ महिन्यांनी भागलं तर बुद्ध्यांक ८७. रजिस्टरच्या वयानं, म्हणजे १०९ महिन्यांनी भागलं तर ८३. मूल तेच, उत्तरं तीच.

हे चार गुण क्षुल्लक वाटत असतील, तर अध्ययन अक्षमतेचा नियम बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, आणि २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बुद्ध्यांक ८५ हून अधिक असेल तरच पुढची निम्हान्स संस्थेची अध्ययन अक्षमतेची चाचणीमालिका घ्यायची, असा क्रम दिला गेला. म्हणजे ८३ आणि ८७ यांच्यामध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, विषयातली सवलत उभी असते. म्हणूनच जन्मतारीख रजिस्टरवरून घेऊ नका. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड किंवा दवाखान्याचा डिस्चार्ज कागद मागा. काहीच नसेल तर आईला विचारा, कोणत्या सणाच्या आगेमागे, आणि अहवालात ‘जन्मतारीख अंदाजे’ असं स्पष्ट लिहा.

चाचणीची खोली आणि वस्तू यांवर एक संध्याकाळ पुरेशी आहे. टेबल मुलाच्या कोपरांइतकं उंच, मुलाचे पाय जमिनीला टेकलेले. किट मुलाच्या नजरेआड, पण तुमच्या हाताशी. रेकॉर्ड फॉर्म उभ्या मॅन्युअलच्या मागे. मोबाइलचं स्टॉपवॉच नको. मेसेज आला की मुलाचं लक्ष गेलंच. खेळाच्या तासाला मूल उचलून आणायचं नाही, आणि मध्यान्ह भोजनाआधीच्या भुकेल्या अर्ध्या तासातही नाही. कोडिंगला, म्हणजे चिन्हं भराभर उतरवण्याच्या उपचाचणीला, खोडरबर नसलेली पेन्सिल द्यायची. मूल डावखुरं असेल तर त्याच्या हातानं वरची चिन्हांची ओळ झाकली जाते, म्हणून उत्तरपुस्तिकेची दुसरी प्रत उजव्या बाजूला ठेवायची. उत्तरपुस्तिकेच्या झेरॉक्स काढायच्या नाहीत: ते बेकायदा तर आहेच, शिवाय आकार जरा लहानमोठा झाला की वेळ लावून घ्यायच्या उपचाचणीचे नॉर्म्स (तुलनेसाठीची ठरलेली कोष्टकं) गैरलागू होतात. आणि आई, बाई, शिपाईमामा, कोणीही आत नको. ‘सांग ना, काल घरी येत होतं तुला’ हे वाक्य अख्खी बैठक फुकट घालवतं.

मुलाशी बोलतानाची एक सवय मोडायला वेळ लागतो. आपल्या मुली शाळेत वाढलेल्या, त्यामुळे बरोबर उत्तराला ‘शाब्बास!’ आपसूक निघतं. मग चुकीच्या उत्तराला शांतता आली की मुलाला कळतं. कौतुक उत्तराचं नाही, मेहनतीचं करायचं, आणि ते चूक-बरोबर दोन्ही वेळा सारखंच: ‘मन लावून करतोयस’, ‘चल, पुढचं बघू’.

सहा महिन्यांची आखणी आम्ही साधारण अशी करू. पहिले तीन आठवडे किटला हात नाही. आधी आकड्यांचा अर्थ: बुद्ध्यांकाची सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण किती पसरतात) १५; उपचाचणीत हेच १० आणि ३; शतमक (शंभरांत कितवा); मापनातली प्रमाण त्रुटी. हे समोरच्या पालकाला मराठीत सांगता येईपर्यंत. सोबत वय काढण्याची वीस गणितं, त्यातली निम्मी मुद्दाम उसनवारीची. पुढचे तीन आठवडे एकमेकींवर. एकीनं मूल व्हायचं आणि चिठ्ठीवरचं वागणं करायचं: गप्प मूल, प्रत्येक उत्तरानंतर ‘बरोबर ना?’ विचारणारं मूल, दोन ठोकळे खिशात टाकणारं मूल. तिसरीनं मॅन्युअल उघडून शब्द न् शब्द ताडून बघायचा. सूचना मनानं बोलण्याची खोड इथेच लागते आणि इथेच सोडवता येते. आकडे लक्षात ठेवण्याच्या उपचाचणीत सेकंदाला एक आकडा हा वेग तर मोबाइलच्या मेट्रोनोमवर तासभर घोटून घ्या. वेग वाढला की मुलाला सोपं जातं, आणि दोन-दोनच्या गटात म्हटलं तर आणखी सोपं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोणतीही तक्रार नसलेली मुलं घ्यायची, पालकांच्या लेखी संमतीनं, आणि आकडा कुणालाही सांगितला जाणार नाही हे संमतिपत्रातच लिहून. प्रत्येकीची पहिली दोन सत्रं चित्रित करायची. तपासून झाली की चित्रफीत पुसायची. प्रत्येक फॉर्म दोघींनी स्वतंत्रपणे तपासायचा आणि मग आकडे जुळवायचे. जिथे फरक येतो तिथला वाद म्हणजेच त्या दिवसाचा धडा. सलग दोन फॉर्ममध्ये गुणांवर परिणाम करणारी एकही चूक नाही, असं झालं की मग शाळेनं चाचणीसाठी पाठवलेली खरी मुलं, सुपरव्हायझर खोलीत बसलेली असताना. तिघींपैकी एखादी या टप्प्यावर पाचव्या फॉर्मला येईल, एखादी बाराव्याला. तिघींना एकाच तारखेला ‘पास’ करू नका.

कोणती चाचणी? तुमच्या कपाटातल्या तिन्ही वेगवेगळ्या काळातल्या आहेत. बिने-कामत व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांवर बसवली. मिसिक १९६९ ची, नागपूरच्या ए. जे. मालिन यांची, वेश्लरच्या १९४९ च्या मुलांच्या चाचणीवर बेतलेली, ६ ते १५ वर्षं ११ महिन्यांसाठी. दोन्ही मराठीत घेता येतात हा त्यांचा मोठा गुण. पण नॉर्म्स जुने झाले की नव्या पिढीचे गुण फुगतात हे अनेक देशांत दिसलंय. अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे ३ गुण असा हिशोब धरतात. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका, पण मिसिकवरचा ९२ हा आजच्या ९२ सारखा समजूही नका. शिवाय मिसिकमध्ये उपचाचण्यांच्या कोशंटांची (प्रत्येकीच्या बुद्ध्यांकासारख्या गुणांची) सरासरी काढतात, त्यामुळे खूप कमी किंवा खूप जास्त क्षमतेच्या मुलाचा आकडा शंभराकडे ओढला जातो. पात्रतेच्या सीमारेषेवरच्या मुलाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा.

वेश्लरची भारतीय चौथी आवृत्ती, २०१२ ची, तिन्हींत नवी आणि मोजमापाच्या दृष्टीनं सरस. अडचण भाषेची. इंग्रजी सूचना आणि शब्द आयत्या वेळी मराठी करून विचारले की चाचणी तुमची झाली, नॉर्म्स दुसऱ्यांचे राहिले. शब्दाची काठिण्यपातळी भाषांतरात बदलते. अक्षर-आकडे क्रम लावण्याच्या उपचाचणीत इंग्रजी वर्णमाला तोंडपाठ लागते. सेमी-इंग्रजीच्या मुलालाही मधली अक्षरं अडतात, मग मोजली जाते ती वर्णमाला, कार्यस्मृती (थोडा वेळ मनात धरून काम करण्याची क्षमता) नाही. अशा वेळी तिच्या जागी अंकगणिताची पर्यायी उपचाचणी घ्यायची मुभा आहे, आणि बदल केला हे अहवालात लिहायचं. पेठच्या आश्रमशाळेसारख्या पार्श्वभूमीच्या मुलासाठी, ज्याच्या घरात मराठीही दुसरी भाषा आहे, तोंडी गुणांवरून निष्कर्ष काढू नका. रेव्हनच्या रंगीत मॅट्रिसेस, तीन संचांत ३६ प्रश्न, साधारण ५ ते ११ वयासाठी, तिथे चाळणी म्हणून बऱ्या. पण एकट्या रेव्हनवर कुणाला ‘हुशार’ किंवा ‘मंद’ ठरवणं हा आळस आहे. आणि ‘भाषाविरहित’ चाचणीला शाळेचा परिणाम लागत नाही ही समजूतही सोडा. ज्यानं कधी जिगसॉ हाताळला नाही, त्याला तो परिणाम लागतो.

शिकायला मिसिक आणि वेश्लर एकाच महिन्यात घेऊ नका. दोन्हींत सारख्या दिसणाऱ्या उपचाचण्या आहेत आणि नियम वेगळे, त्यामुळे एकीचा थांबण्याचा नियम दुसरीत शिरतो. मराठी माध्यम जास्त असेल तर मिसिक आधी. वेश्लर चौथ्या महिन्यानंतर.

बौद्धिक अक्षमतेची शंका असेल तर बुद्ध्यांक एकटा पुरत नाही. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी, हिचंही भारतीय रूपांतर मालिन यांचंच, ८९ बाबी, ० ते १५ वर्षं. ती पालकांच्या मुलाखतीतून भरायची. इथे प्रश्न ‘करू शकतो का’ असा नसून ‘करतो का’ असा आहे. आजी भरवते म्हणून न जेवणारं मूल आणि जेवताच न येणारं मूल यांतला फरक प्रश्न नीट विचारल्याशिवाय कळत नाही.

अहवालात आकडा शेवटी, आणि पट्ट्यासह. ‘बुद्ध्यांक ८४’ नव्हे, तर ‘गुण ८४, मापनातली त्रुटी धरता खरा गुण ७९ ते ९० च्या दरम्यान असण्याची शक्यता’. हा पट्टा मॅन्युअलच्या कोष्टकातून घ्यायचा, मनानं नाही. वेश्लरचे चार निर्देशांक (भाषिक समज, तर्क, कार्यस्मृती, प्रक्रियेचा वेग) एकमेकांपासून २३ किंवा त्याहून जास्त गुणांनी फाकले असतील, तर एकत्रित बुद्ध्यांक मुलाचं वर्णन करत नाही. तसं लिहा आणि निर्देशांक वेगवेगळे मांडा. प्रक्रियेचा वेग ७८ आणि तर्क १०८ असलेल्या मुलाला ‘सरासरी’ म्हणण्यापेक्षा ‘फळ्यावरचं उतरवून घ्यायला निम्मं द्या, तोंडी उत्तर चालवा’ असं लिहिलेलं वर्गशिक्षकांना लागू पडतं. फॉर्म आणि रॉ स्कोअर मुख्याध्यापकांच्या कपाटात जाणार नाहीत, तुमच्या कुलपात राहतील. प्रश्नांचे फोटो व्हॉट्सॲपवर, अगदी समुपदेशकांच्या ग्रुपवरही, टाकायचे नाहीत.

राहिली १४ जणांची यादी. कुणाचीही चाचणी लगेच लावू नका. आधी डोळे आणि कान. शाळा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या फेरीत असेल तर त्यांच्या नोंदी मागवा, नसेल तर ग्रामीण रुग्णालयात पाठवा. मग हजेरी: द्राक्षाच्या हंगामात आईबापांबरोबर निफाडकडे गेलेल्या मुलाचे चार महिने बुडाले असतील, तर त्याचं न वाचता येणं हे आधी बुडालेल्या शाळेचं दुखणं आहे. मग माध्यम कधी बदललं, घरात काय बोलतात, तिसरीपासूनच्या वह्या कशा दिसतात. पूर्वी कुठे चाचणी झाली का हेही विचारा. सहा महिन्यांच्या आत तीच चाचणी पुन्हा घेतली तर सवयीचे गुण वाढतात. इतकं केल्यावर यादी बहुधा निम्मी होते. उरलेल्यांत दुसरी-तिसरीतली मुलं असतील तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बरोबर घ्या आणि एक सत्र शिकवून बघा. अध्ययन अक्षमतेचा दाखला तसाही आठ वर्षांआधी मिळत नाही.

दहावीच्या चौघांना मात्र तुमच्या प्रशिक्षणासाठी थांबवून ठेवू नका. वह्यांच्या प्रती, गुणपत्रकं, वर्गशिक्षकांचं निरीक्षण आणि डोळे-कानांचा कागद अशी फाइल याच आठवड्यात करून, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या शासकीय रुग्णालयात त्यांची तारीख घ्या. तिथे एकाहून जास्त फेऱ्या होतात हे पालकांना आत्ताच सांगा, म्हणजे पहिल्या फेरीनंतर ते सोडून देणार नाहीत. सवलतीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. त्याची यंदाची मुदत कार्यालयात विचारून घ्या आणि रुग्णालयाची तारीख त्यावरून मागे मोजत ठरवा. या चौघांवर तुमच्या नवशिक्यांनी आधी ‘सराव म्हणून’ मिसिक घेतली, तर रुग्णालयातली मिसिक बिघडते. तेवढं मात्र होऊ देऊ नका.